गिरमिट फिरवणारा शल्यविशारद : सर जॉन चार्न्ली

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी मुंबईतही नवलाईची होती. आज नवीन जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही तिचे कुणाला अप्रूप उरलेले नाही. काठी टेकत दवाखान्यात गेलेले आजोबा काही आठवड्यांनी आपल्या पायांनी फाटकापर्यंत येतात, एवढेच शेजाऱ्यांना दिसते. पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला मात्र एक गोष्ट सहज पटावी. या शस्त्रक्रियेच्या जन्मात औषधांपेक्षा लेथ यंत्राचा वाटा मोठा आहे, आणि ती घडवणारे सर जॉन चार्न्ली हे स्वतः लेथवर काम करणारे शल्यविशारद होते.

चार्न्ली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातल्या बरी या गिरणगावात झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ साली ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी शल्यविशारदांची फेलोशिप त्यांनी मिळवली. महायुद्धाच्या काळात कैरो येथे लष्करी सेवेत असताना जखमी सैनिकांसाठी आधारपट्ट्या व उपकरणे बनविणाऱ्या कार्यशाळेशी त्यांचा संबंध आला. हत्यार दुसऱ्याने द्यायचे आणि आपण केवळ वापरायचे, ही वृत्ती त्यांच्यात पुढे कधीच दिसली नाही.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासते आणि रुग्णाला पाऊल टाकणे नकोसे होते. या झिजलेल्या कूर्चेवर त्या काळी एक उपाय होता, तो म्हणजे सांधा कायमचा जखडून टाकणे. गुडघ्याची दोन्ही टोके करवतीने कापून कूर्चा काढायची, हाडांतून आडव्या सळया घालायच्या आणि स्क्रूने दोन्ही बाजू एकमेकींवर आवळून धरायच्या. चार्न्ली यांनी ही पद्धत १९४८ साली मांडली. हाडे काही आठवड्यांत जुळून येत आणि वेदना थांबत. पण सांधाही थांबे. कूर्चा काढणे सोपे असते. तिच्या जागी काय बसवायचे, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाकडे त्यांना एका आवाजाने वळवले. एका रुग्णाच्या खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. तो हलला की असा कुरकुरे की पत्नी त्याच्या खोलीत थांबायला तयार नसे. इतरांनी हसून सोडून दिली असती अशी ही तक्रार चार्न्ली यांनी घर्षणाचा पुरावा मानली. नैसर्गिक सांध्यातील घर्षण त्यांनी मोजले, तर ते बर्फावरच्या घसरगाडीपेक्षाही कमी भरले. कूर्चा गेली की हा निसरडेपणा जातो. तेव्हा नवा पदार्थ मुळातच निसरडा हवा, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि टेफ्लॉन निवडले.

विगन शहराजवळच्या राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले. तेथील हत्यारे पाहिली तर शस्त्रक्रियागृहाऐवजी सुताराचे दुकान आठवावे. खुब्याच्या उखळीत आधी मध्यभागी एक छिद्र पाडायचे. मग मधोमध खुंटी असलेले पाते त्या छिद्रात बसवून, सुताराच्या गिरमिटासारखा दांडा हाताने फिरवत कूर्चा आणि हाड कोरायचे. खुंटीमुळे पाते भरकटत नसे. त्यानंतर पसरणाऱ्या पात्यांचे दुसरे हत्यार उखळी रुंद करी. कूर्चा अर्धवट राहिली तर सिमेंट धरत नाही. फार खोल गेले तर ओटीपोटाकडची पातळ भिंत फुटते. या दोहोंमधले अंतर फार थोडे असते आणि ते हाताला कळावे लागते.

टेफ्लॉनने मात्र दगा दिला. सुमारे तीनशे रुग्णांमध्ये बसवलेल्या या वाट्या दोन-तीन वर्षांत झिजल्या आणि त्यांच्या भुकटीने भोवतालच्या उतींत गाठी होऊ लागल्या. जे रुग्ण चालू लागले होते, ते पुन्हा वेदना घेऊन परतू लागले. चार्न्ली यांनी ते अपयश झाकले नाही. टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन या दोहोंची भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठी हाताला लागत होत्या, पॉलिएथिलीनच्या जागी काही नव्हते. हा अनुभव त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. तशी ही त्यांची पहिली वेळ नव्हती. १९४६ साली हाडाच्या कलमाचा अभ्यास म्हणून त्यांनी स्वतःच्या नडगीवर शस्त्रक्रिया करवून घेतली होती आणि जंतुसंसर्ग ओढवून घेतला होता. या धाडसाचे कौतुक करावे की त्याला अविचार म्हणावे, यावर मतभेद होऊ शकतात.

पॉलिएथिलीन त्यांच्यापर्यंत आले तेही गमतीदार रीतीने. यंत्रमागाच्या चाकांसाठी वापरला जाणारा हा पदार्थ घेऊन १९६२ साली एक विक्रेता राइटिंग्टनला आला. चार्न्ली यांनी त्यात नख रुतवून पाहिले आणि तुच्छतेने बाजूला ठेवले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी परिषदेला गेलेले असताना तो तुकडा झीजमापक यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस चालल्यावर जी झीज झाली, ती टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये नवी वाटी पहिल्यांदा रुग्णाच्या खुब्यात बसली. तिच्यात फिरणारा पोलादी गोळा अवघा २२ मिलिमीटरचा होता. गोळा लहान तितके घर्षण कमी, हा त्यामागचा हिशेब.

तीनशे रुग्णांचा धडा विसरला गेला नाही. काही वर्षे हा सांधा खुल्या बाजारात विकू दिला गेला नाही; ज्या शल्यविशारदांनी राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकून घेतली, त्यांनाच तो मिळे. शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेली हवा सोडणारी काचेची बंदिस्त खोलीही त्यांनी बांधून घेतली. शेकडा सातच्या घरात असलेला जंतुसंसर्ग पुढे एकाच्याही खाली आला. मांडी घालून किंवा उकिडवे बसणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांना या सांध्याची मर्यादा जाणवली, कारण तशा बैठकीत लहान गोळा निसटण्याचा धोका असतो. खुर्चीवर बसणाऱ्या देशात जन्मलेला तो सांधा होता.

१९७४ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९७७ मध्ये सर झाले. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या मृत्यूनंतर हा सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत. अनेकांनी ती मान्य केली, आणि वीस-वीस वर्षे चाललेल्या वाट्या राइटिंग्टनला परत येऊन मोजल्या जाऊ लागल्या.