शहराची नाडी शिकवणारा प्राध्यापक

महापालिका किंवा नगरपालिकेतील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला, की डोळ्यांसमोर येते ते सभागृह, पडद्यावर झळकणारे तक्ते आणि अखेरच्या दिवशी वाटली जाणारी प्रमाणपत्रे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश प्राध्यापकाने हिंदुस्थानातील नगरपालिकांच्या कारभाऱ्यांपुढे प्रशिक्षणाचा निराळाच आदर्श ठेवला होता. नकाशावर रेघ ओढण्याआधी ती कोणाच्या घरावरून जाते, हे पायी जाऊन पाहावे, असे ते साधे शिक्षण होते. पॅट्रिक गेडिस हे त्या प्राध्यापकांचे नाव. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून अभ्यासक त्यांना ओळखतात. परंतु शहर चालवणाऱ्या माणसांचे शिक्षक ही त्यांची ओळख जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

पदवीविना प्राध्यापक

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर येथे झाला. वडील सैन्यात होते. पर्थ शहराजवळच्या टेकडीवरील घरात, बागेत राबण्यात आणि वडिलांबरोबर रानोमाळ हिंडण्यात त्यांचे बालपण गेले. पायी चालत जग समजून घेण्याची सवय त्यांना तेथेच जडली. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी नाव घातले, पण आठवडाभरातच ते सोडून दिले आणि लंडनला टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकण्यास ते गेले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

१८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करीत असताना त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. त्यांची दृष्टी गेली आणि कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपडत असताना विचारही असेच चौकटींत मांडता येतील, अशी कल्पना त्यांना सुचली. पुढे कागदाला घड्या घालून पाडलेल्या चौकोनांत ते स्थळ, काम आणि लोक यांचे परस्परसंबंध मांडू लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणे डोळ्यांना मानवेना. वनस्पतींच्या पेशी पाहणारा हा शास्त्रज्ञ मग माणसांच्या वस्त्या पाहू लागला.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर या दांपत्याने एडिंबरातील चांगली वस्ती सोडून जुन्या गावठाणातील जेम्स कोर्ट या कोंदट, दाटीवाटीच्या भागात बिऱ्हाड केले. त्या काळी सुशिक्षितांना हा वेडेपणाच वाटला. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी भिंती धुतल्या, रंगवल्या, पडीक जागांत बागा फुलवल्या. जी घरे दुरुस्त होण्याजोगी होती ती राखली आणि अगदी मोडकळीस आलेली तेवढी पाडून हवा-उजेडाला वाट करून दिली. सरसकट पाडापाडी न करता वस्ती सुधारता येते, हा त्यांचा पहिला धडा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या घरापासून गिरवला.

१८८८ मध्ये डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. शिकवण्याचे काम केवळ उन्हाळी सत्रापुरते असल्यामुळे उरलेले वर्ष मोकळे राही. हा मोकळा काळ त्यांनी शहरांना दिला. १८९२ मध्ये एडिंबरातील एक जुना मनोरा घेऊन त्यांनी तेथे नागरिकांसाठी संग्रहालय उभारले. वरच्या टोकाला शहराचे जिवंत चित्र दाखवणारा आरसा, त्याखालच्या मजल्यांवर एडिंबरा, स्कॉटलंड, युरोप आणि तळाशी जग, अशी त्याची रचना होती. आधी आपले शहर पाहा, मग जगाकडे वळा, हा त्यातला अर्थ होता.

बुडालेले प्रदर्शन

शहरांचे नकाशे, चित्रे व आराखडे यांचे गेडिस यांनी जमवलेले प्रदर्शन लंडन, डब्लिन, घेंट येथे गाजले होते. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड हे त्यांचे जुने स्नेही. इलाख्यातील नगरपालिकांच्या कारभाऱ्यांना नगररचनेची तोंडओळख व्हावी, म्हणून त्यांनी गेडिस यांना निमंत्रण दिले. १९१४ च्या शरद ऋतूत, वयाच्या साठाव्या वर्षी, थोरला मुलगा अ‍ॅलिस्टर याच्यासह गेडिस निघाले. प्रदर्शनाचे सामान क्लॅन ग्रँट नावाच्या दुसऱ्या बोटीवर होते. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते. ज्या एम्डेन या जर्मन युद्धनौकेने सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागल्या, तिनेच ऑक्टोबरात क्लॅन ग्रँट बुडवली. वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

गेडिस डगमगले नाहीत. इंग्लंडातील मित्रांनी घाईने नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. त्यासोबत व्याख्याने झाली. श्रोत्यांत नगरपालिकांशी संबंधित मंडळी होती. शहर म्हणजे रस्ते आणि गटारे यांची बेरीज नव्हे. ते एखाद्या प्राण्यासारखे वाढते, आजारी पडते आणि बरेही होते, हे त्यांना चित्रांच्या आधारे समजावून सांगण्यात आले.

त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस देशभर हिंडले. तंजावर, मदुराई, लखनौ, बडोदे, बलरामपूर, लाहोर, कपुरथळा अशी त्यांच्या अहवालांची यादी जवळपास पन्नासांवर जाते. मुंबई इलाख्यातील सहा गावांच्या पुनर्रचनेबाबत त्यांनी १९१५ मध्ये लिहिलेले अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये छापले, ही बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. योगायोग असा, की त्याच १९१५ साली मुंबई इलाख्याने देशातील पहिला नगररचना कायदा केला होता.

पाडण्याआधी पाहा

त्या काळच्या नगरसुधारणेवर प्लेगची छाया होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढणे हा रोगावरचा उतारा मानला गेला. इतर शहरांतील अभियंतेही हाच कित्ता गिरवू लागले. गेडिस यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. घर पाडले म्हणून माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील गर्दी वाढवतो आणि रोग त्याच्याबरोबर जातो, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय सरळ रस्त्याचा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीला पेलत नाही आणि त्याचा भार शेवटी गरिबांवरच पडतो.

त्यांचा उपाय वैद्याचा होता. आधी निदान, मग उपचार. एकेक गल्ली पायाखाली घालावी, कोणते घर पडके आहे, कोणते दुरुस्त होईल, विहीर कोठे, देऊळ कोठे, पिंपळाचा पार कोठे याची नोंद करावी. मग मोजकीच घरे काढून छोटे चौक मोकळे करावेत, सावली देणारी झाडे लावावीत आणि बाकीची वस्ती जपावी. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवण्यासही त्यांचा विरोध होता. तळ्यांत मासे व बदके सोडली तर डासांच्या अळ्या आटोक्यात येतात आणि गावचे पाणीही टिकते, हे ते निक्षून सांगत. कचेरीत बसून आखलेल्या रेघेपेक्षा ही पद्धत अधिक कष्टाची होती; तथापि ती कमी खर्चाची होती आणि माणसांना बेघर न करणारी होती.

इंदूरची दिवाळी

गेडिस यांच्या कार्यातील सर्वांत संस्मरणीय प्रसंग होळकरांच्या इंदूर शहरातला. तेथे प्लेगचे सावट होते आणि या परक्या पाहुण्याकडे लोक संशयाने पाहत होते. नकाशे घेऊन गल्लीत येणारा माणूस आपले घर पाडणार, अशी सार्वत्रिक धास्ती होती. गेडिस यांनी फर्मान काढण्याऐवजी दिवाळीच्या सुमारास एका मिरवणुकीचा घाट घातला. जी वस्ती सर्वाधिक स्वच्छ व नीटनेटकी असेल तेथून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. घरोघरी साफसफाई सुरू झाली आणि कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या शहराबाहेर गेल्या.

मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, लक्ष्मी होती आणि नव्या इंदूर नगरीची देवताही होती. सर्वांत विलक्षण दृश्य होते ते सफाई कामगारांचे. स्वच्छ शुभ्र कपडे आणि गळ्यात हार अशा वेशात ते मानाने चालत होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांनाच शहराच्या आरोग्याचे रक्षक म्हणून पुढे आणले गेले. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता तिच्याच आधाराने स्वच्छतेची मोहीम उभी करता येते, हे त्या दिवसाने दाखवून दिले. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हिंदुस्थानातील त्यांच्या अहवालांत तो श्रेष्ठ मानला जातो.

याच काळात त्यांच्या घरावर दुहेरी आघात झाला होता. मद्रासला सोबत आलेला अ‍ॅलिस्टर १९१७ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. तेव्हा अ‍ॅना हिंदुस्थानातच विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा गेल्याचे आजारी पत्नीला सांगण्याचे धैर्य गेडिस यांना झाले नाही. ती बातमी न कळताच जूनमध्ये त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याच वर्षी इंदूरचा अहवाल पुरा करणाऱ्या या माणसाच्या मनःस्थितीची आपण केवळ कल्पनाच करू शकतो.

मुंबईतील पाच वर्षे

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू केला आणि प्राध्यापकपद गेडिस यांच्याकडे दिले. हे दोन विषय एकत्र ठेवण्यात त्यांची दृष्टी दिसते. समाज समजल्याविना शहर चालवता येत नाही, असे ते मानत. मालवणात जन्मलेले संस्कृतचे पदवीधर गोविंद सदाशिव घुर्ये यांची निवड करून विद्यापीठाने त्यांना गेडिस यांच्या शिफारशीने इंग्लंडला पाठवले. १९२४ मध्ये घुर्ये यांनीच हा विभाग हाती घेतला आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला.

शिक्षक म्हणून गेडिस निर्दोष नव्हते. ते दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, एका विषयावरून दुसऱ्यावर जात आणि लिखाण अर्धवट टाकून नव्या कामामागे धावत. त्यांचे बहुतेक अहवाल दप्तरात पडून राहिले. अधिकारी बदलले, पैसा नव्हता आणि वस्तीत पायपीट करण्याचा उत्साह थोड्यांनाच होता. १९२४ मध्ये ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले आणि तेथे त्यांनी स्कॉट्स कॉलेज उभारले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. पूर्वी नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

अपुरा राहिलेला अभ्यासक्रम

गेडिस मुंबईतून गेल्यावर दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, याच शहरात अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाली. स्वच्छता निरीक्षकांपासून वरच्या पदांपर्यंत असंख्य पालिका कर्मचाऱ्यांनी तिचे अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत. पुण्यातील यशदा ही शासनाची प्रबोधिनीही अधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची सूची दिली. तिच्यातील पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा आहे. थोडक्यात, प्रशिक्षणाची सोय आहे आणि त्याला घटनेचा आधारही आहे.

प्रश्न आहे तो या प्रशिक्षणाने अधिकाऱ्याला काय दिसू लागते, याचा. नियम, निविदा आणि लेखापरीक्षण त्याला आलेच पाहिजे. पण ज्या गल्लीचा प्रस्ताव टेबलावर आहे, त्या गल्लीत पाणी किती वाजता येते आणि तेथील झाडाखाली दुपारी कोण बसते, हेही त्याला ठाऊक हवे. नसेल, तर त्याची सही कोणाच्या तरी उंबऱ्यावर घाव घालते आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गेडिस यांचे आराखडे जुने झाले असतील, अनेक शहरे त्यांना ओळखूही येणार नाहीत. मात्र प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने रुजू झाल्यावर पहिला आठवडा खुर्चीत न बसता आपल्या प्रभागात पायी हिंडण्यात घालवावा, एवढा एक पाठ अभ्यासक्रमात आला, तरी या पदवीविना प्राध्यापकाचे ऋण काही अंशी फिटेल.