विश्वास टाकणाऱ्या डॉ. अनिता अवचट



दारूमुळे दवाखान्यात गेलेला माणूस बरा होऊन घरी येतो आणि आठवड्याभरात पुन्हा पिऊ लागतो. मग आपण त्याची आशा सोडतो. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी ती सोडली नाही.

पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी त्यांनी व पती अनिल अवचट यांनी १९८६ साली रुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक बळ दिले. पुढे तेथे दारूचे रुग्णही येऊ लागले.

औषधाने शरीर सावरते, पण ओढ मनात राहते. हे ओळखून डॉक्टरांनी व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच कार्यकर्ते केले. जो स्वतः त्या वाटेने गेला, त्याचे बोलणे नव्या रुग्णाला पटते. आणि दुसऱ्याला सांभाळता सांभाळता तोही स्वतःला जपतो.

१९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कन्या मुक्ता यांनी ते काम पुढे नेले.

आपल्या वाई परिसरातही दारू सोडलेले बांधव आहेत. त्यांचा भूतकाळ उगाळण्याऐवजी, रुग्णाला भेटायला जाताना त्यांना सोबत नेऊ या.