चर्च युद्धाला विरोध का करत नाही? वर्ध्याच्या कुमारप्पांनी थेट बिशपांशीच घेतला होता वाद

गांधीजींचे अर्थतज्ज्ञ म्हणून जे. सी. कुमारप्पा अनेकांना माहीत असतात. पण ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि अहिंसेवरून त्यांचं आपल्याच चर्चशी वाजलं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. त्यांचं तेव्हाचं नाव जोसेफ कॉर्नेलियस. लंडनमध्ये हिशेब तपासनीस झाले, मुंबईत प्रॅक्टिस केली, मग अमेरिकेत शिकले. १९२९मध्ये साबरमतीला गांधीजी भेटले आणि सूट-बूट सुटला, खादी आली.

वाद कशावरून?

१९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू असताना अँग्लिकन चर्चचे भारतातील प्रमुख बिशप फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही, अशी भूमिका घेतली. कुमारप्पांनी त्यांना लेखी आव्हान दिलं. शत्रूवर प्रेम करा, असं येशू सांगतो. मग निःशस्त्र लाठ्या खाणारे चुकीचे आणि लाठी चालवणारं सरकार बरोबर कसं? पहिल्या महायुद्धात तर युरोपात दोन्ही बाजूंची चर्च आपापल्या सैन्याच्या विजयासाठी प्रार्थना करत होती. त्या काळात कुमारप्पा लंडनमध्येच होते. सरकारची री ओढणारं चर्च आणि येशूचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं मत होतं. धर्म मात्र त्यांनी सोडला नाही.

युद्ध सुरू कुठे होतं?

१९३४च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे सचिव झाले. त्यांचा मुख्य मुद्दा इथला आहे. मोठ्या कारखान्याला दूरचा कच्चा माल लागतो, दूरची बाजारपेठ लागते. ती ताब्यात ठेवायला समुद्रमार्ग लागतात आणि समुद्रमार्गांना आरमार. म्हणजे असा माल विकत घेणाराही युद्धाचा भागीदार. घाणीचं तेल, गूळ, हातकागद यांचा त्यांचा आग्रह यातून आला. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात किराणा घेताना हा हिशेब आज कुणी मांडत नाही. पटो न पटो, शांततेवरच्या प्रवचनापेक्षा तो अवघड आहे एवढं खरं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी भाकरीऐवजी धोंडा या बायबलमधल्या दाखल्यावरून लेखाचं शीर्षक घेतलं. सरकार नोटा छापून देशातलं धान्य आणि माल युद्धासाठी उचलतंय आणि महागाई गरिबांच्या माथी येतेय, असा त्याचा रोख होता. पुढे त्यांना तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचं निधन झालं. वर्ध्याच्या मगनवाडीतलं, १९३८मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय आजही पाहता येतं.