बंद दार आणि विनाजिन्याचा मनोरा

महूचा जन्म, चवदार तळे, संविधान, दीक्षाभूमी हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाचा क्रम आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. येथे आम्ही त्या थोर चरित्राचा एकच धागा हाती घेतो : शास्त्रीय विचार मांडताना बाबासाहेबांनी शब्द आणि उपमा कशा पारखून घेतल्या.

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या काळी रिझले यांच्यासारखे अधिकारी नाकांची मापे घेऊन जातीचे मूळ वंशात शोधीत होते. जात म्हणजे रक्त, ही कल्पना एकदा मान्य केली की जात निसर्गाची ठरते आणि माणसाचा इलाज खुंटतो. भीमरावांनी दाराची प्रतिमा घेतली. एका वर्गाने आपले दार आतून लावून घेतले. इतरांपैकी काहींनी त्याचे अनुकरण केले, काहींना ते आपल्यापुरते बंद झालेले आढळले. दार म्हटले की ते कोणी लावले आणि कशासाठी, हे प्रश्न ओघानेच येतात. अनुकरणाला त्यांनी संसर्गाची उपमा दिली, पण ती शोभेची नव्हती. संसर्ग खरा असेल तर जवळच्याला लागण अधिक व्हावी. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी ब्राह्मणांपासूनच्या अंतरानुसार कोणत्या जातींत किती उतरल्या, हे त्यांनी ताडून पाहिले. उपमेलाही पुरावा मागणारी ही शिस्त आम्हांस विशेष मोलाची वाटते.

31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्यात हिंदू समाज हा जिना नसलेला अनेक मजली मनोरा झाला. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण, ही रचना निरक्षर श्रोत्यालाही क्षणात कळली. 1936 साली ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात त्यांनी भिंतीची उपमा मात्र नाकारली. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असे त्यांनी मांडले. भिंत पाडायला पहार पुरते, येथे धर्मग्रंथांच्या प्रामाण्यालाच हात घालावा लागणार होता.

आमच्या भागाशी या कथेचा संबंध आहे. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. वतन हा किती मानाचा शब्द! त्याच्या आड पिढीजात वेठ दडली होती. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनी 1928 सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते.

शब्दाच्या आड दडलेला अर्थ उघडा करण्याचे हे काम अखेरपर्यंत चालले. 1957 साली, महापरिनिर्वाणानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ प्रसिद्ध झाला. कर्म, पुनर्जन्म, अहिंसा हे शब्द ब्राह्मणी आणि बौद्ध विचारांत सारखेच दिसतात; त्या सारखेपणामुळे मूळचा भेद कसा झाकला जातो, याचे विवेचन त्यांनी त्यात एका स्वतंत्र भागात केले आहे. आत्मा न मानणाऱ्या धम्मात पुनर्जन्म कशाचा, हा प्रश्न टाळून त्यांना पुढे जाता आले असते. ते टाळले नाहीत. शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने फारसी शिकलेल्या या विद्यार्थ्याने पाली शब्दकोशाचे कामही केले. ते त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापलेले आहे.