पालयंकोट्टईच्या क्लॅरिंडाबाई : तंजावरच्या मराठी विधवेने उभारलेली मंडळी

तमिळनाडूच्या दक्षिणेकडील तिरुनेलवेली शहरालगत, ताम्रपर्णी नदीच्या पलीकडे वसलेल्या पालयंकोट्टई येथे एक लहानसे जुने चर्च आहे. स्थानिक लोक त्यास पाप्पात्ति अम्माळ कोविल, म्हणजेच ब्राह्मण बाईंचे देऊळ, या नावाने ओळखतात. १७८५ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूमागील बाई मराठी होत्या. तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती समाजात क्लॅरिंडा हे नाव घरोघरी परिचित असले, तरी महाराष्ट्रात त्यांची माहिती फारच थोड्यांना आहे.

त्यांच्या जीवनाची कथा तंजावरपासून सुरू होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७६च्या सुमारास तंजावर येथे राज्य स्थापन केल्यानंतर कावेरीच्या खोऱ्यात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. दरबारचा कारभार मराठीतून चाले. कुंभकोणम परिसरात मठ, अन्नछत्रे आणि भजनांची परंपरा बहरली. कुंभकोणमजवळील मरुदानल्लूर या गावच्या, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या सद्गुरू स्वामींचे नाव दाक्षिणात्य नामसंकीर्तन संप्रदायात बोधेंद्र आणि श्रीधर अय्यावाळ यांच्या बरोबरीने घेतले जाते. या संप्रदायाच्या भजनपद्धतीत तमिळ, तेलुगू आणि संस्कृत रचनांसोबत मराठी अभंगही गायिले जातात. मराठी माणसाला श्रद्धेचा आधार शोधण्यासाठी या प्रदेशात दूर जावे लागत नसे, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. कारण ज्या बाईंविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्यासाठी हे सारे दरवाजे एकाएकी बंद झाले.

त्यांचे मूळ नाव कोकिळा होते, असे परंपरा सांगते. पती तंजावरच्या राजाच्या सेवेत होते. पतीच्या निधनानंतर त्यांना सती जाण्यास भाग पाडण्यात येत होते आणि एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्यांना चितेवरून वाचविले, अशी कथा तिरुनेलवेलीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लिटलटन असे या अधिकाऱ्याचे नाव. चितेचा प्रसंग बाजूला ठेवला, तरी पुढील घटनाक्रमाविषयी शंका नाही. वैधव्य आलेली ही तरुण ब्राह्मण स्त्री एका परक्या देशाच्या आणि परक्या धर्माच्या पुरुषासमवेत राहू लागली आणि त्याच्या पलटणीबरोबर पालयंकोट्टईच्या किल्ल्यात येऊन पोहोचली. तंजावरपासून हे ठिकाण रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. सामाजिक अंतर अर्थातच याहून कितीतरी अधिक होते. स्वतःच्या समाजात परत जाण्याचा मार्ग त्यांना आता उरलेला नव्हता.

लिटलटन याने त्यांना इंग्रजी शिकविले आणि ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वेही समजावून दिली. विवाहाचे वचनही त्याने दिले होते. ते मात्र त्याने पाळले नाही. ज्याने धर्म शिकविला, त्याच्याच वागण्यामुळे त्या धर्माची दारे बाईंना काही काळ बंद राहिली, हा या चरित्रातील सर्वांत विचित्र भाग म्हणावा लागेल.

या टप्प्यावर ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ यांचा प्रवेश होतो. प्रशियातील झोनेनबुर्ग येथे १७२६ साली जन्मलेले हे लुथरन धर्मोपदेशक १७५० मध्ये डॅनिश वसाहत असलेल्या तरंगंबाडी येथे आले आणि मृत्यूपर्यंत भारतातच राहिले. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज अशा भाषांबरोबरच तंजावर दरबाराशी संबंध आल्याने त्यांनी मराठीही आत्मसात केली होती. त्यांच्या सचोटीविषयी सर्व पक्षांची खात्री असल्याने १७७९ साली कंपनी सरकारने त्यांना हैदर अलीकडे बोलणी करण्यासाठी श्रीरंगपट्टणम येथे पाठविले. तंजावरच्या तुळजाराजांचा १७८७ मध्ये मृत्यू झाल्यानंतर दत्तक पुत्र सरफोजी यांचे संगोपन व शिक्षण यांतही श्वार्ट्झ यांचा मोठा वाटा होता.

बाईंनी बाप्तिस्मा मिळावा म्हणून श्वार्ट्झ यांना विनंती केली, तेव्हा त्यांनी नकार दिला. विवाहाविना चाललेले सहजीवन त्यांच्या दृष्टीने अमान्य होते. आजच्या वाचकास हा नकार कठोर वाटेल, विशेषतः वचनभंगाचा दोष पुरुषाकडे असताना. श्वार्ट्झ यांनी नियम पाळला, एवढेच म्हणता येते. एका समाजाने विधवा म्हणून नाकारलेल्या या स्त्रीला दुसऱ्या समाजाने अविवाहित सहचारिणी म्हणून नाकारले.

काही काळाने लिटलटन याचा मृत्यू झाला. आधार देणारा एकमेव माणूसही गेला होता. अशा वेळी त्या तंजावरकडे परतण्याचा किंवा एखाद्या क्षेत्राच्या ठिकाणी उरलेले आयुष्य काढण्याचा विचार करतील, असे कोणासही वाटले असते. त्यांनी मात्र पुन्हा एकदा बाप्तिस्म्याची मागणी केली. १७७८ साली श्वार्ट्झ पालयंकोट्टईला आले असता, बाईंचे आचरण आणि धर्माविषयीची समज पाहून त्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. क्लॅरिंडा हे नाव त्यांना तेव्हा मिळाले. या नावाची रूपे निरनिराळी आढळतात. कोठे क्लोरिंडा, तर कोठे रासा क्लॅरिंडा.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. बाईंची मातृभाषा मराठी. परंतु त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला तो इंग्रजी व तमिळ या भाषांतून. तमिळ नवा करार तरंगंबाडी येथे १७१५ सालीच छापून पूर्ण झाला होता. गोव्यातील फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण त्यापूर्वी जवळजवळ एक शतक, १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले असले, तरी त्याचे क्षेत्र पश्चिम किनाऱ्यापुरते होते. नव्या कराराचे मराठी भाषांतर सेरामपूर येथून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आले, तोपर्यंत क्लॅरिंडाबाईंचे कार्य आटोपत आले होते. आयुष्यातील सर्वांत जवळची गोष्ट त्यांना परभाषेतून बोलावी लागली. सध्याच्या काळात दिवसभर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मजकूर उतरविणाऱ्यास याचे विशेष वाटते.

बाप्तिस्म्यानंतर त्या किल्ल्यातील घरी स्वस्थ बसल्या नाहीत. आसपासच्या लोकांना एकत्र करून त्यांनी प्रार्थना सुरू केली. १७८० साली पालयंकोट्टईच्या मंडळीची पहिली यादी तयार करण्यात आली. तीत चाळीस नावे होती आणि पहिले नाव क्लॅरिंडाबाईंचे होते. ही चाळीस माणसे वेगवेगळ्या जातींची होती. तंजावरच्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या स्त्रीने अशा लोकांसमवेत एका ठिकाणी बसून उपासना करणे, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती. ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही जातीनुसार बैठकीचे वाद पुढे अनेक दशके चालू राहिले, हे ध्यानात घेतल्यास या यादीचे महत्त्व अधिक जाणवते.

मंडळी वाढली, तशी उपदेशकाची गरज भासू लागली. त्यासाठी बाई स्वतः तंजावरला गेल्या. ज्या नगरीतून त्यांचे आयुष्य उखडले गेले होते, तेथेच त्या आता एका मंडळीच्या वतीने मागणी घेऊन उभ्या राहिल्या. श्वार्ट्झ यांनी सत्यनाथन या तमिळ उपदेशकास पालयंकोट्टईला पाठविले. सत्यनाथन यांना १७९० मध्ये तंजावर येथे धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यात आली.

बाईंजवळ जे द्रव्य होते, ते त्यांनी चर्चच्या बांधकामासाठी खर्च केले. काही इंग्रजांनीही साहाय्य केले. पूर्वीच्या साध्या प्रार्थनागृहाच्या जागी पक्के बांधकाम झाले आणि १७८५ साली श्वार्ट्झ यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. याच प्रवासात श्वार्ट्झ यांची एका तमिळ मुलाशी भेट झाली व ते त्यास शिक्षणासाठी तंजावरला घेऊन गेले. हा मुलगा म्हणजेच पुढे बेथलेहेम कुरवंजी या काव्याचे कर्ते म्हणून प्रसिद्ध झालेले वेदनायगम शास्त्री. सरफोजी राजांशी त्यांचा स्नेह होता. चर्चप्रमाणेच पाप्पात्ति अम्माळची विहीर या नावानेही बाईंची आठवण पालयंकोट्टईत जपली गेली आहे.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे निवर्तले. सरफोजी राजांनी त्यांच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. राजे स्वतः अखेरपर्यंत हिंदूच राहिले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, तो त्यांच्याच आज्ञेने. एकाच गुरूच्या सहवासात आलेल्या तंजावरच्या दोन मराठी व्यक्तींनी आपापल्या श्रद्धेचा मार्ग असा वेगळा निवडला.

क्लॅरिंडाबाईंचे निधन १८०६च्या सुमारास झाले. तोपर्यंत तिरुनेलवेलीच्या ग्रामीण भागात ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहू लागल्या होत्या. १७९९ साली वसलेले मुदलूर हे त्यांपैकी प्रसिद्ध गाव. तिरुनेलवेली हा पुढे देशातील महत्त्वाच्या ख्रिस्ती केंद्रांपैकी एक झाला. १९१२ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झालेले व्ही. एस. अझरिया याच भागातले. बिशप रॉबर्ट काल्डवेल यांनी १८८१ साली तिरुनेलवेली मिशनचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात आरंभीच्या काळाविषयी लिहिताना या मराठी विधवेची दखल घेणे त्यांना भाग पडले.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. क्लॅरिंडाबाईंनी त्यापूर्वी एकशे पाच वर्षे हे पाऊल उचलले होते. रमाबाईंनी विपुल लेखन केले, त्यामुळे त्यांचे मन आपल्याला वाचता येते. क्लॅरिंडाबाईंचा परिचय होतो तो इतरांच्या नोंदींतून, एका यादीतून आणि एका वास्तूतून.

१९१५ साली ए. माधवय्या यांनी क्लॅरिंडा या नावाची इंग्रजी कादंबरी लिहिली. तिरुनेलवेलीजवळ जन्मलेले माधवय्या हे आद्य तमिळ कादंबरीकारांपैकी एक होत. ते स्वतः हिंदू ब्राह्मण होते व विधवांच्या हालअपेष्टांविषयी त्यांनी तमिळमध्येही लिहिले होते. कादंबरीतील तपशील बराचसा कल्पित असला, तरी या बाईंची कथा मिशनच्या दप्तराबाहेर गेली, ती मुख्यतः या पुस्तकामुळे.

पालयंकोट्टईच्या त्या चर्चमध्ये उपासना तमिळमधून होते. ज्या जातीतून बाईंना बाहेर पडावे लागले, त्या जातीचेच नाव लोकांनी त्यांच्या चर्चला दिले आणि दोन शतकांनंतरही ते प्रचारात आहे.