पंडिता रमाबाई : दुष्काळात वाढलेली श्रद्धा

१८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दुष्काळात आईवडील गमावले. पुढे भाऊ गेला; विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पतीही निवर्तले. चिमुकल्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या व १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांची श्रद्धा एका दिवसात परिपक्व झाली नाही. ती संकटांतून वाढत गेली.

१८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या व पुढे पुण्यास नेलेल्या शारदासदनास अमेरिकेतील स्नेह्यांनी दहा वर्षांचे साहाय्य कबूल केले होते. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, तेव्हा त्यांच्या पोषणाची हमी कोणीच दिलेली नव्हती. त्यातच पुण्यात प्लेग आला. बाईंनी देवावर भरवसा ठेवून केडगावच्या शेतावर त्यांना आसरा दिला. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरीही मूळ भाषांवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. दुष्काळाने ज्यांचे घर हिरावले, त्यांनीच दुष्काळग्रस्तांना घर दिले.