भास्कराचार्य आणि गोलाचं पृष्ठफळ



दहावीच्या महत्त्वमापन प्रकरणात गोल आला की मुलं दोन सूत्रं पाठ करतात आणि मोकळी होतात. मग परीक्षेत 'चार' कुठे आणि 'चार छेद तीन' कुठे, इथे गाडी अडते. स्पर्धा परीक्षेत तर चारही पर्याय बरोबरच वाटतात. अशा वेळी उपयोगी पडेल असा एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण गोलाबद्दलचं त्यांचं काम वर्गात फारसं सांगितलं जात नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. हे त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवलंय. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. ते आजचं नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वडील महेश्वर ज्योतिषाचे जाणकार होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ६९ व्या वर्षी 'करणकुतूहल' लिहिला. लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून आली, मूळ ग्रंथात नाही. मुलांना जरूर सांगा, पण गोष्ट म्हणूनच.

आता मुख्य मुद्दा. त्यांच्याआधी लल्ल नावाचे मोठे ज्योतिर्विद होऊन गेले. भास्कराचार्यांनी त्यांच्या ग्रंथावर भाष्यही लिहिलं होतं, म्हणजे आदर होताच. पण गोलाच्या पृष्ठफळासाठी लल्लांचा नियम होता : वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ. नाव मोठं आहे म्हणून भास्कराचार्यांनी तो तसाच पुढे चालू ठेवला नाही. तो चुकीचा आहे हे त्यांनी उघड सांगितलं आणि का चुकीचा, तेही दाखवलं.

त्यांची युक्ती अगदी घरगुती आहे. एक गोल कापड घ्या, ज्याचा व्यास चेंडूच्या अर्ध्या परिघाइतका असेल. ते चेंडूवर पांघरा. अर्धा चेंडू पूर्ण झाकला जातो आणि कडेला चुण्या पडतात, म्हणजे कापड थोडं जास्तच होतं. या कापडाचं क्षेत्रफळ चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या जवळपास अडीच पट भरतं. म्हणजे अर्ध्या चेंडूचं पृष्ठफळ अडीच पटीहून कमी, आणि पूर्ण चेंडूचं पाच पटीहून कमीच असणार.

आकडे घालून पाहू. लीलावतीतल्या उदाहरणात व्यास ७ आहे, तोच घेऊ. २२/७ धरलं तर परीघ २२ आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८.५. लल्लांच्या नियमाने पृष्ठफळ ३८.५ × २२ = ८४७ येतं! हा चेंडू ज्या चौकोनी खोक्यात घट्ट बसेल, त्या खोक्याच्या सहाही बाजू मिळून फक्त २९४ होतात. चौरस सेंटिमीटरला सेंटिमीटरने गुणलं की घन सेंटिमीटर येतात, हे आठवीच्या मुलालाही कळेल. बरोबर उत्तर वर्तुळाच्या चौपट, म्हणजे १५४. भास्कराचार्यांनी ३९२७/१२५० हे जास्त सूक्ष्म गुणोत्तर वापरलं, त्यामुळे त्यांचं उत्तर १५४ पेक्षा किंचित कमी आहे. चेंडूभोवती विणलेल्या जाळीची उपमाही त्यांचीच.

चौपटच का? यासाठी त्यांनी आवळा घेतला. आवळ्यावर उभ्या रेषा असतात ना, तशा गोलावर आखायच्या, एका फाकीचं क्षेत्रफळ काढायचं आणि सगळ्या फाकी मोजायच्या. घनफळासाठी पृष्ठावर एकेक एककाचे चौकोन कल्पून प्रत्येकापासून केंद्रापर्यंत निमुळती सुई कल्पायची. प्रत्येक सुईचं घनफळ तळ गुणिले उंची भागिले तीन. उंची म्हणजे गोलाची त्रिज्या. सगळ्यांची बेरीज केली की पृष्ठफळ गुणिले त्रिज्या भागिले तीन, किंवा त्यांच्या शब्दरचनेत पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. १५४ × ७ ÷ ६ केलं की साधारण १७९.६७. ज्या मुलाने ही सुई एकदा पाहिली, त्याला 'छेद तीन' कुठून आला हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. मला तर हे पुस्तकातल्या चौकटीतल्या सूत्रापेक्षा सोपं वाटतं. रबरी चेंडू, जुना रुमाल आणि आवळा, एवढ्या साहित्यात एक तासिका होते. फक्त मुलांना त्रिज्या दिलीय की व्यास, ते आधी विचारायची सवय लावा.

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव हेही विद्वान. दोघांनाही यादव दरबारात मान होता. चाळीसगावजवळ पाटण इथे चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला १३ व्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. लेख संस्कृतात आहे, पण देणग्यांचा भाग चक्क जुन्या मराठीत. त्यात गावात जेवढे तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळी पळी तेल द्यावं, अशी नोंद आहे.